अबू सुहाचं मत

माझे बाबा आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळले नाहीत. तरी बगदादपासून एडनपर्यंत कुणाला नवा कन्सोल घ्यायचा झाला, की तो आधी बघायचा, अबू सुहा काय म्हणतोय.

अबू सुहा म्हणजे सुहाचा बाप. सुहा मी. आमच्याकडे माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मुलगा नसला तर लोक मनानंच एखादा कल्पून त्याचं नाव चिकटवतात. बाबांनी ते चालू दिलं नाही. "जो जन्मलाच नाही त्याच्या नावानं मी ओ देणार नाही," असं त्यांनी भर दुकानात सांगून टाकलं, आणि त्रिपोलीच्या मीना बंदरातल्या सगळ्या गल्ल्यांत ते अबू सुहा झाले.

चाळीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. मग टीव्ही भिंतीवर टांगण्याइतके पातळ झाले आणि बिघडले की लोक फेकून द्यायला लागले. दुकानात माशा मारायची वेळ आली तेव्हा एके दिवशी हैसम एक मेलेला कन्सोल बगलेत मारून आला. हैसमचं समुद्राकाठच्या रस्त्यावर गेमचं दुकान आहे, चौदा पडदे, पोरं तासावर खेळतात. बाबांनी ते यंत्र उघडलं, आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे आजारानं गेलेलं नाही. गुदमरून गेलंय."

तिथून सुरुवात झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी माझ्याकडून टाइप करायला शिकून घेतलं आणि इंटरनेटवर लिहायला लागले. सोबत व्हिडिओ टाकायचे. त्यात हिरवं कापड अंथरलेलं टेबल आणि त्यांचे दोन हात, एवढंच दिसायचं. आवाज नाही. कॅमेऱ्यासमोर बोलायची त्यांना लाज वाटायची.

त्या काळात दोन मोठी यंत्रं बाजारात होती. एकाला पोरं उंट म्हणायची, त्याच्या पाठीवर उंचवटा होता म्हणून, आणि दुसऱ्याला घोडा. उंटवाले आणि घोडेवाले एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे. कुणाची चिप एका सेकंदाला किती अब्ज गणितं करते, कुणाच्या चित्रात गवताची पाती मोजता येतात, यावर सोयरिकी मोडायच्या बाकी होत्या. आणि बाबा लिहायचे:

"वीज गेली की गल्लीतल्या जनरेटरवाल्याची पाच अँपिअरची लाइन. फ्रिज एक घेतो. दिवे-पंखे एक. उंट एक. पाण्याचा पंप तीन. तेव्हा खेळायचं की आंघोळ करायची, ते आधी ठरवा."

किंवा, "मी तीस वेळा मेन स्विच पाडला. घोडा तिसाव्या वेळीही उठला. उंट सत्ताविसाव्या वेळी रुसला. गवताची पाती मी मोजली नाहीत."

लोकांना हे हवं होतं. वीज दिवसातून चारदा जाते, धूळ खिडकी लावली तरी आत येते, उन्हाळ्यात भिंती रात्रभर तापलेल्या राहतात, अशा घरांत राहणाऱ्यांचं दुःख कुठलाही मोठा समीक्षक मोजत नव्हता. बाबा मोजत होते. यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवून एक सिगारेट संपेपर्यंत बसायचे. हात उचलावा लागला तर यंत्र नापास. आणि त्यांचा एक नियम होता, तो ते प्रत्येक लेखात कुठे ना कुठे घालायचे: जे उघडता येत नाही ते तुमचं नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, दुकानात, हातात डाख लावायची सळई असताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा. "म्हणजे." पाणी हवं असलं तरी म्हणजे, उशी खाली सरकली तरी म्हणजे, माझ्यावर चिडले तरी म्हणजे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहून जातो.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट कधीची बंद आहे. चौघांनी खुर्चीसकट उचलून बाबांना वर आणलं, त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची धुणी दिसतात आणि त्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक उभी पट्टी.

इस्पितळात असतानाच त्यांच्या फोनवर निरोप येत होते. "अबू सुहा, कुठे आहात?" "अबू सुहा, बसऱ्याहून लिहितोय, पंखा घरघरतो, काय करू?" मी आईला विचारलं, सांगू का लोकांना?

आईचं नाव इन्साफ. ती कडक आहे. "काय सांगणार? अबू सुहाची जीभ लुळी पडली म्हणून? ज्यांनी हात बघितलेत त्यांना आता कीव करायला बोलावतेस? लाज राख त्याची."

बसऱ्याच्या माणसाचा प्रश्न मला येत होता. मी लहानपणापासून त्या टेबलाशी बसलेली. मी लिहिलं, "पंखा बदलू नका. काढा, धुवा, दोन दिवस सुकवा, बसवा." बाबा लिहितील तसंच, आखूड. दोन दिवसांनी उत्तर आलं, "उस्ताद, देव तुमचे हात सलामत ठेवो." मी ते बाबांना वाचून दाखवलं. झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. डाव्या बाजूनं ते हसले.

मग मी कशी थांबणार होते? एका उत्तराची दहा झाली. मग एक लेख. मग दर पंधरवड्याला लेख. सकाळी मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, दुपारी अबू सुहा व्हायची. हैसम यंत्रं पाठवायचा. व्हिडिओ मात्र बंद केले, पाठीच्या दुखण्याचं कारण सांगून. गुरुवारी जेवण झाल्यावर आई तो लेख बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायची. मध्येच थांबायची, "चिप म्हणजे ही बटाट्याची नव्हे ना गं?" आणि बाबा डाव्या हातानं टेबलावर टकटक करायचे. एकदा म्हणजे बरं आहे. दोनदा म्हणजे खोटं लिहिलंस.

मीनात सगळ्यांना माहीत होतं. मीनात गुपित राहत नाही, पण ते मीनाच्या बाहेरही जात नाही.

मला सुरुवातीला मजा वाटली, हे खरंच सांगते. साठ हजार माणसं माझं वाक्य वाचतात म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? पण हळूहळू बाबांच्या नावाची कॉलर घट्ट व्हायला लागली. मला खेळ आवडतात. बाबांना यंत्रं आवडत. मला लिहायचं असायचं की अमुक खेळात पावसाचा आवाज ऐकून मी रडले, आणि अबू सुहा रडत नाही. अबू सुहा "सुंदर" हा शब्द वापरत नाही. अबू सुहाला पासष्टाव्या वर्षी नवं मत सुचत नाही. उंट-घोड्याच्या भांडणात एखादं पोरगं तुफान विनोद करायचं आणि मला त्याच्यावर सवाई टोला सुचायचा, तो गिळून मी लिहायची, "पंख्याकडे लक्ष द्या."

दोह्याच्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओत जागा निघाली होती. खेळ तपासायचे आणि त्याबद्दल लिहायचं. मी फोनवर मुलाखत दिली. बाईंनी खूप विचारलं, मला सगळं येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "छान. आता तुमचं लिहिलेलं काहीतरी पाठवा."

माझे पन्नासेक लेख होते आणि त्यातला एकही माझा नव्हता. मी म्हटलं, पाठवते. आणि पाठवलं नाही.

अशात चिमणी आली.

चिमणी म्हणजे हातात धरून खेळायचा नवा कन्सोल. पाव किलोचीसुद्धा नसेल. तिची चिप इतकी साधी की उंटवाले आणि घोडेवाले पहिल्यांदा एकत्र येऊन हसले. "हे माझ्या आजीच्या कॅल्क्युलेटरवर चालेल," असं कुणीतरी लिहिलं. हैसमनं एक वर पाठवली.

ऑगस्टची दुपार होती. दोनला वीज गेली, जनरेटर चारला सुरू होणार. बाबा झोपले होते, आई ओला टॉवेल मानेवर घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती. मी बाल्कनीच्या दारात बसून चिमणी सुरू केली. तिच्यात एक छोटासा खेळ होता. एक म्हातारी वाळवंटात विहीर खणते. बस्स, तेवढंच. खणायचं, माती वर टाकायची, दोर लांबवायचा. मी मान वर केली तेव्हा चार वाजून गेले होते आणि जनरेटर सुरू झालेला मला कळलाही नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी दोन तास त्या घरात नव्हते.

त्याच बैठकीत मी लेख लिहिला. "चिमणीत ताकद नाही. ती उघडता येत नाही, बॅटरी आत चिकटवलेली आहे. पण अंधारात, जनरेटरशिवाय, कुणाची परवानगी न घेता ती तुम्हाला तुमच्या खोलीतून बाहेर नेते. मला वाटतं, या वर्षी दुसरं काही घेऊ नका."

आणि अबू सुहाच्या नावानं प्रसिद्ध करून टाकला.

गुरुवारी आईनं नेहमीसारखं वाचायला घेतलं. "उघडता येत नाही"पाशी बाबांची बोटं थांबली. शेवटच्या वाक्याला ते लाल झाले. टेबलावर दोनदा, मग चारदा, मग नुसतं थाडथाड. "म्हणजे! म्हणजे! म्हणजे!"

"बाबा, ऐका तर."

त्यांनी चिमणी डाव्या हातानं ओढून घेतली, उलटी केली, अंगठ्यानं पाठ चाचपली. स्क्रू शोधत होते. एकही नव्हता. त्यांनी ती टेबलावरून ढकलून दिली. फरशीवर पडली.

माझा तोल गेला. "तुम्ही एकदा तरी खेळलात का? एकदा? आयुष्यभर नुसती पोटं फाडून बघितलीत! दोन वर्षं मी तुमच्या तोंडानं बोलतेय. मग माझं तोंड कुठंय?"

आई टॉवेलाची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचं तरी कुठंय गं?"

त्यानंतर आठ दिवस बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांना पाठीमागून धरून खुर्चीत बसवायची, तोंड पुसायची, आणि ते समुद्राच्या पट्टीकडे बघत राहायचे. मी बाहेरही जाऊ शकत नव्हते आणि त्यांच्यासमोर थांबूही शकत नव्हते. चौथा मजला मला कधी इतका उंच वाटला नव्हता.

तिकडे गदारोळ उडाला. "अबू सुहा विकला गेला." "म्हातारा चळला." "चिकटवलेलं यंत्र? अबू सुहा?" आणि मग जाद मध्ये पडला.

जाद बैरूतचा. तरुण, देखणा, तीन कॅमेऱ्यांचा कार्यक्रम चालवायचा. चिपचे आकडे पाठ, बोलायला मिठ्ठास. बाबांवर त्याचा जुना राग होता, कारण तो ज्या यंत्राला डोक्यावर घ्यायचा त्याच्या पाठीवर बाबा सिगारेट संपेपर्यंत हात ठेवून बसायचे. त्यानं तासाभराचा कार्यक्रम केला. बाबांचे जुने लेख एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला.

"मित्रांनो, अबू सुहानं आठ वर्षांत एकदाही 'मला वाटतं' लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही! माणूस देवासारखा लिहायचा, आहे किंवा नाही. आणि आता एकाएकी त्याला वाटायला लागलं? दोन वर्षांत त्याचे हात कुणी बघितलेत? मी सांगतो काय झालंय ते. म्हातारा वारला. आणि कुणीतरी दुकानदार कबर उकरून त्याच्या नावावर माल खपवतोय. त्रिपोलीत चिमणी कोण विकतं, ते तुम्हीच बघा."

हैसमचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी हैसमच्या दुकानाच्या शटरवर मीनाबाहेरच्या कुणीतरी रंगानं लिहिलं होतं, कबरचोर. त्या आठवड्यात बाहेरची पोरं फिरकली नाहीत, त्याच्या चौदापैकी दहा पडदे काळेच राहिले.

पुढच्या शुक्रवारी हैसम जिने चढून वर आला. चाळिशीचा जाडजूड माणूस, दम खात दारातच बसला. आईनं कॉफी दिली.

"उम्म सुहा, मी कुणाला काही बोललेलो नाही," तो आईला म्हणाला. "उस्तादांनी मला उभं केलं. जीभ कापली तरी बोलणार नाही. पण माझ्या आईला त्रिपोलीच्या बाजारात कुणी विचारलं, तुझा मुलगा मेलेल्याच्या नावावर जेवतो का? तर..." त्यानं कप खाली ठेवला. "कुणीतरी बोललं पाहिजे. एवढंच."

"मी लिहिते," मी म्हटलं. "आजच लिहिते. सगळं सांगते."

"कोण विश्वास ठेवेल?" हैसम म्हणाला. "जाद म्हणतोय, हात दाखवा. लोकांना हात हवेत, सुहा. तुझे शब्द तर त्यांनी दोन वर्षं वाचलेच."

बाबा खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी डाव्या पायानं फरशीला रेटा दिला, खुर्ची थोडी सरकली. पुन्हा रेटा. आई उठायला लागली तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. खोलीच्या त्या टोकापासून टेबलापर्यंत यायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. टेबलाशी आल्यावर त्यांनी हिरव्या कापडावर आपला डावा हात पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांनी.

"बाबा, एका हातानं कसं उघडणार?"

त्यांनी नजरेनं माझा उजवा हात दाखवला.

शनिवारी चारला लाइव्ह करायचं ठरलं, जनरेटर सुरू झाल्याबरोबर. आईचा विरोध होता. "जग बघणार त्याला असा?" पण बाबांनी तिच्याकडे बघून इतक्या शांतपणे "म्हणजे" म्हटलं, की ती उठून त्यांची नखं कापायला नेलकटर घेऊन आली. हात जर दिसणार असतील तर नखं तरी नीट हवीत.

मी टेबलाच्या वर कॅमेरा टांगला. बाबांच्या उजव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून बसले. त्यांचा डावा हात, माझा उजवा. मधोमध चिमणी. आम्ही कळवलेली वेळ जादनं आपल्या कार्यक्रमात जाहीर केलेली असल्यामुळे सुरुवातीलाच अकरा हजार माणसं होती.

पहिल्या क्षणी शब्द धडाधड वर सरकत होते. "ही तर बाई आहे!" "दुसरा हात कुणाचा?" "तो बघा, अंगठ्याखालचा भाजल्याचा डाग, तो अबू सुहाच आहे!" "मग हा नेलपॉलिशवाला कोण?"

चिकटवलेलं पाठीचं झाकण सोडवायला उष्णता लागते. केस वाळवायचं यंत्र लावलं असतं तर आमच्या पाच अँपिअरचा फ्यूज उडाला असता. बाबांनी खांद्याकडे बोट केलं. तिथं आई रोज गरम पाण्याची पिशवी ठेवते. आई ती घेऊन आली, बाबांनी ती चिमणीच्या पाठीवर ठेवली आणि वर आपला तळहात. आम्ही वाट बघत बसलो. अकरा हजार माणसं गरम पाण्याची पिशवी बघत बसली.

मग मी प्लास्टिकचं कार्ड फटीत घातलं. घाई झाली माझी. चट्कन आवाज आला आणि बाबांनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

सगळ्यांसमोर. मी हात मागे घेतला, लाजेनं कानशिलं तापली. त्यांनी माझं मनगट धरलं, परत जागेवर आणलं, कार्डाचा कोन बदलला, आणि बोटांनी हलकेच दाबलं. असं. मी कार्ड सरकवलं, ते त्याच्या मागोमाग नखानं कड उचलत आले. ते थांबले की मी थांबायची. दहा मिनिटांत आमचा वेग जुळला. उजवीकडून मी, डावीकडून ते. झाकण अख्खं निघालं, एक ओरखडा नाही.

आत सगळं नीटस होतं, एखाद्या कामसू बाईनं लावलेल्या फडताळासारखं. बाबा वाकून बघत राहिले. त्यांच्या श्वासाचा आवाज माइकमधून जात असणार. त्यांनी चिपवर बोट ठेवलं, मग छोट्याशा पंख्यावर, फुंकर मारून तो फिरवला. मग बॅटरीखालची चिकटपट्टी ओढली. ती अर्ध्यात तुटली. बॅटरी जागची हलली नाही. त्यांनी तो तुटका तुकडा चिमटीत धरून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले.

अबू सुहाचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो असा.

वर सरकणारे शब्द थांबले. मला वाटलं नेट गेलं. मग मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मी सुहा. हे माझे बाबा. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. त्यांना सगळं कळतं, बोलता येत नाही. तेव्हापासूनचे लेख मी लिहिलेत. हैसमनं कुणाची कबर उकरलेली नाही. चिमणीबद्दलचं मत माझं आहे. बाबांचं मत त्यांच्या हातात आहे, तुम्ही बघताय. चिकटवलेलं यंत्र घेऊ नका, असं ते म्हणतायत. मी अजूनही म्हणते, घ्या."

टेबलावर दोनदा टकटक झाली. मी कॅमेरा बंद केला.

आई स्वयंपाकघरात होती. तिथून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती दोघांसाठी गोड चीजच्या गुंडाळ्या घेऊन, साखरेचा पाक जरा जास्तच घातलेल्या. बाबांनी चार खाल्ल्या.

पुढे काय झालं ते सगळंच चांगलं नव्हतं. हैसमच्या शटरवरचं त्याच्याच गिऱ्हाइकांनी घासून काढलं. जादनं दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. हैसमची माफी मागितली, बाबांना दीर्घायुष्य चिंतलं, माझं नाव काढलं नाही. कितीतरी लोक सोडून गेले. एकानं लिहिलं, "दोन वर्षं मी एका मुलीच्या सांगण्यावरून यंत्रं घेतली!" त्याखाली बसऱ्याच्या माणसानं विचारलं, "मग चालतायत ना?" तो म्हणाला, "चालतायत." "मग बस की गप."

मी दोह्याला लाइव्हचा दुवा पाठवला, आणि लेखांची यादी. तीन दिवसांत उत्तर आलं. त्यांना मी हवी होते, महिनाअखेरीपर्यंत तिथं येऊन.

सहा दिवस ते पत्र मी उघडत-मिटत होते. आई म्हणाली, "जा. मी आहे." तिचं वय त्रेसष्ट. बाबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला ती त्यांच्या काखेत हात घालते तेव्हा तिचे ओठ पांढरे पडतात. बाबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दाराकडे बोट केलं. जा. मी नाही म्हणाले तर पुन्हा दाराकडे बोट. त्यांचं बोट जिथं होतं तिथून खाली शहाण्णव पायऱ्या होत्या आणि त्यातली एकही ते उतरू शकत नव्हते. मी इथूनच काम करते म्हणून विचारलं. दोह्याच्या बाईंनी खूप गोड शब्दांत सांगितलं की जमणार नाही.

मी नाही कळवलं. त्याग वगैरे काही नव्हता तो. मला जायचं होतं. आजही सकाळी औषधांच्या दुकानात उभी असताना मनातल्या मनात मी त्या ऑफिसात असते. कुणी खोकल्याचं औषध मागितलं की परत येते.

अबू सुहा आता महिन्यातून एकदा येतो, लाइव्ह, दोन हातांनी. तिथं मी एक शब्द लिहीत नाही. जे बाबांना पटतं तेच होतं.

आणि नव्या वर्षात मी माझं वेगळं पान सुरू केलं. नाव नुसतं सुहा. पहिला लेख त्या विहीर खणणाऱ्या म्हातारीवर होता. त्यात मी तीनदा "मला वाटतं" लिहिलं आणि दोनदा "सुंदर." पहिल्या दिवशी एकोणचाळीस लोकांनी वाचला. त्यातल्या पंधरांनी विचारलं, अबू सुहा कसे आहेत.

संध्याकाळी आई फोन घेऊन बाबांच्या शेजारी बसली, लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी कणीक मळण्याचं निमित्त करून दाराआड उभी होते. ऐकून झाल्यावर बाबांनी डाव्या हातानं फोन मागून घेतला. बराच वेळ ते पडद्यावर बोट फिरवत राहिले, काहीतरी शोधत, चुकत, आईचा हात झिडकारत. मग फोन तिला परत देऊन डोळे मिटून पडले.

मी जाऊन बघितलं. माझ्या लेखाखाली एक आकडा उमटला होता. खाली वळलेला अंगठा, एक.

"कुठे दाबलंस ते तरी कळलं का?" आई त्यांना विचारत होती.

त्यांना कळलं होतं. मी तिथंच पिठाच्या हातांनी बसले आणि माझ्याच पानावर, त्यांच्यासाठी, दुसरा लेख लिहायला घेतला.